मागला अर्धा भाग

न्हाई, अप्पांच्या फोटोला हार नंतर घाला. आधी मला बोलू द्या. मला भाषण येत न्हाई. पण आत्ता आपले मंडळाचे अध्यक्ष बापू जे बोलून गेले, ते माझ्या घशाखाली उतरंना. म्हणे, अप्पांचा त्या जुन्या मालिकेतला भाग चौकात पडद्यावर दाखवू, पण पहिला अर्धाच. मागला लई पडेल हाय, लोक हसतील.

कावून हसतील?

पाटोद्याहून, बीडहून आलेल्या पाव्हण्यांनो, अप्पा माझे थोरले भाऊ. किराणा दुकान चालवायचे, जत्रेतल्या नाटकात उभे राहायचे. टीव्हीवाले गावात आले, तवा एका भागात त्यांनी अप्पांना घेतलं. काम होतं लिंगायत घरातल्या थोरल्या भावाचं, आमच्यासारख्याच. पहिला अर्धा भाग सोनं हाय. आजारी भावाला अप्पा पेज भरवतेत, वरून त्याच्यावरच खेकसतेत. सगळी गल्ली रडली. मग भाऊ मरतो, अन् तिथून अप्पा गायब! नुसता धूर, अन् कोणीतरी पाठमोरा उभा.

गाव चिडवायचं, "काय अप्पा, भाऊ मेला अन् तुमी कुठं गेलते? दुकान उघडायला?"

अप्पा हसायचे, साखर तोलायचे.

कुठं गेलते ते मी सांगते. मी तिथंच होते. टीव्हीवाल्यांच्या साहेबानं सरण रचलं, अप्पांच्या हातात पलिता दिला. अप्पा म्हणले, "साहेब, आमच्यात जाळत न्हाईत. इभूत लावून मातीत बसवतेत."

साहेब म्हणला, "जाळ पडद्यावर चांगला दिसतो. अन् हे सगळं खोटंच आहे ना?"

"खोटा असला तरी भाऊ हाय माझा."

अप्पांनी पलिता खाली ठेवला अन् घरी निघून आले. मी म्हणलं, गावाला सांगा की. तर म्हणले, "आपल्या गावात जेवून गेलेत ती माणसं. त्यांचं उणं कशाला काढायचं?"

परवा अप्पांना आपण मातीत बसवलं. बापू, तुमीच इभूत लावली ना कपाळाला? तवा हसलं का कोणी?

मागला भाग पडेल हाय, कारण त्यात अप्पा न्हाईत. अन् त्यात न्हाईत, हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम हाय. ते झाकणार असाल तर पहिलाबी दाखवू नका.

आता सगळे उभे राहा. अप्पांसाठी थोडा वेळ गप राहू.

बसा.

बापू, भाग सगळा दाखवायचा, अन् अप्पा कावून निघून आले ते माइकवर सांगायचं. सोमवारी सकाळी मी अप्पांच्या दुकानात हाय. तिथं येऊन तोंडावर सांगा, दाखवता का न्हाई?