न सांगता येनारा

माहेर माह्यं अमळनेरचं आन् दिलं इथं असोद्याले, तवा काय सांगू ताई तुम्हाले, आखाजी, तुमची अक्षय तृतीया, जवळ आली का माह्ये कान दाराकडंच. माहेराहून भाऊ न्यायले येये, मुराळी म्हनता त्याले, पन दिस काही ठरेल नसे. आमचा नाना, माह्याहून दोन वर्सांनं लहान, मी भाकरी थापत असो आन् हा दारात उभा, म्हने चाल अक्का, ऊठ. सासू म्हने, सांगून का नाही आला रे, तं हा म्हने, माय, सांगून आलो असतो तं तुम्ही तिले वावरात धाडली असती. मंग सासू बी हासे आन् माही पिशवी भरून दे.

माही नात इंग्रजी शिकते. परवा पुस्तक वाचत व्हती, म्हने आजी, टर्न अप म्हंजे कोनी बिनसांगता येऊन उभं राहनं, तू याचं वाक्य बनव. मी म्हनलं, माहा नाना टर्न अप करे. ती हासली. मले काही हासू नाही आलं.

चूक माहीच व्हती. मालक गेल्यावर मी केळीच्या कामाले लागली, फण्या धुवायच्या, खोक्यात भरायच्या, ट्रक आला का जाच लागे. एका आखाजीले नाना आला तं घराले कुलूप, दिसभर उन्हाचा शेजारनीच्या ओट्यावर बसला. सांजच्याले मी आली, मले अशी लाज वाटली, आन् लाज वाटली का मानूस चिडतं, मी म्हनलं, आता मोबाईल हाये ना तुह्याजवळ, फोन करून येत जाय. तो म्हने बरं अक्का. वाद नाही घातला त्यानं.

पुढल्या आखाजीले केला त्यानं फोन, म्हने येऊ का अक्का. आमच्यात भाऊ असं इचारत नाही ताई, हक्कानं नेतो. आन् मी मेली म्हनते कशी, आज नको, ट्रक लागेल हाये, परवा ये. बरं म्हने. परवाच्या आदीच गेला, छातीत दुखलं आन् झालं. त्या वर्सी मी अमळनेरले गेली, पन आपल्या पायानं गेली.

आता त्याचा पोरगा येतो न्यायले. मी त्याले सांगेल हाये, इचारू नको बाबा, नुस्ता येत जाय. आखाजीच्या आदी आठ दिस मी कामाले जात नाही, दाराले कडी बी लावत नाही. पन पोरगा गुनाचा हाये, देवानं त्याले उदंड आयुष्य द्यावं, तो दर वर्सी फोन करूनच येतो.