घरटी एक माणूस

(कुर्दिस्तानातलं एक लहान शहर, चौकशीची खोली. साहेबांना फक्त फारसी येते, खरामानला फक्त कुर्दी. मध्ये बसलाय दुभाषा सरतीप, खरामानच्याच गावचा.)

साहेब : पुन्हा विचार तिला. मुलगी आमच्या कोठडीत आहे, तर शुक्रवारी तिचा वर्ग घेतला कोणी?

सरतीप : मावशी, साहेब विचारतायत, चनूर इथे आत आहे, मग शुक्रवारी पोरांना कुर्दी शिकवलं कोणी?

खरामान : सकाळपासून एकच तुणतुणं लावलंय मेल्याने. कानात बोळे घालून बसलाय का? सांगितलं ना एकदा, गावाने घेतला वर्ग.

सरतीप : साहेब, त्या म्हणतात, गावाने घेतला.

साहेब : एवढंच? ती तर बराच वेळ बोलत होती.

सरतीप : आमची भाषा जरा पसरट आहे, साहेब.

साहेब : हं. चहा सरकव तिच्याकडे. आणि सांग, मी काही राक्षस नाही. मीही आईच्याच पोटी जन्मलोय.

सरतीप : मावशी, साहेब म्हणतात, चहा घ्या, मी राक्षस नाही.

खरामान : राक्षस परवडला रे. तो एकदाच खाऊन मोकळा होतो. आणि ह्याला चहा म्हणतात? भांडी विसळलेलं पाणी बरं.

सरतीप : आभारी आहेत, साहेब. चहा आवडला म्हणतात.

साहेब : मग तोंड का वाकडं केलं?

सरतीप : दात दुखतोय त्यांचा.

खरामान : माझ्या तोंडाकडे बोट करून काय सांगितलंस रे?

सरतीप : दात दुखतो म्हणालो, मावशी.

खरामान : अरे, दात राहिलेत कुठे मला! लबाड कुठला. तुझी आई पण अशीच होती, सगळ्यांशी गोड.

साहेब : हसतेय का ती? हसण्यासारखं काय आहे? सरतीप, आता मी सांगतो ते शब्दन् शब्द सांग. तिच्या मुलीवर साधा आरोप नाही. देशाच्या सुरक्षेला धोका, असं लिहिलंय. मामला कोर्टात गेला की पाच-सात वर्षं कुठे गेली नाहीत. पण तेहरानला एकच गोष्ट खुपतेय. शिक्षिका आत आहे, तरी वर्ग भरला. म्हणजे मागे कोणीतरी आहे. मला तो माणूस हवा. एक नाव दे म्हणावं, आणि आज संध्याकाळी मुलीला घरी घेऊन जा. हा माझा शब्द.

सरतीप : मावशी, आता थट्टा नको. नीट ऐका. एक नाव सांगा, म्हणजे चनूर आज संध्याकाळी घरी. नाही सांगितलंत तर पाच-सात वर्षं.

खरामान : पाच-सात?

सरतीप : तसंच म्हणाले.

खरामान : मी राहते का रे तोवर? सरतीप, मला माझी पोर हवीय. रोज ताटं दोन वाढते आणि एक परत भांड्यात ओतते. तिला थंडी सोसत नाही, लहानपणापासून. इथे फरशीवर निजवतात का रे?

सरतीप : घोंगडी देतात, मावशी.

खरामान : ह्याला विचार, पातळ की जाड?

सरतीप : मावशी, नावाचं बोला आधी.

खरामान : एक नावच नाही, तर कुठून आणू? सांग त्याला, झिबारे होती.

सरतीप : साहेब, त्या म्हणतात, झिबारे होती.

साहेब : आलं एकदाचं नाव! झिबारे. बाई आहे का? आडनाव विचार. कुठल्या गल्लीत राहते?

सरतीप : बाई नाही, साहेब.

साहेब : मग पुरुष. वय काय?

सरतीप : माणूसच नाही तो. चाल आहे आमच्याकडची. कोणाचं पीक कापणीला आलं आणि तो आजारी पडला, किंवा फौजेत गेला, किंवा मेला, तर गाव त्याचं शेत कापतं. घरटी एक माणूस. मजुरी नाही. ज्याचं शेत, त्याच्या घरच्यांनी दुपारचं जेवण घालायचं, बस.

साहेब : आणि कोणी नाही गेलं तर?

सरतीप : तर... त्याच्या वेळेला त्याच्याकडेही कोणी येत नाही. कापणीला नाही, आणि कबर खणायलाही नाही.

साहेब : गंमत आहे. आमचं गाव वाळवंटाच्या कडेला. तिथे जमिनीखालून पाण्याचे पाट. पाट गाळाने भरला की आजोबा ओरडायचे, घरातून एक जण निघा रे. मीही उतरलोय एकदा. काळोख असा, की स्वतःचा हात दिसायचा नाही. पण पाट वेगळा आणि शाळा वेगळी. शिकवण्याची कसली आलीय कापणी? विचार तिला.

सरतीप : मावशी, साहेबांना नवल वाटतंय. म्हणतात, शिकवणं म्हणजे काय शेत आहे?

खरामान : नाही तर काय आहे? पोर माझी आत बसलीय, तिचं काम अर्धवट उभं. मग गाव आलं. माझ्या ओसरीवर मावेना. मी दोखव्याचं पातेलं चढवलं. दुसरं काय करणार होते? आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं?

सरतीप : म्हणतात, मुलीचं काम अर्धवट राहिलं होतं, म्हणून गाव आलं. ह्यांनी दह्या-गव्हाची आंबील रांधली.

साहेब : आणि शिकवलं काय? मला खरंच कळून घ्यायचंय. आता तेहरानसाठी नाही विचारत. ह्या लोकांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही, शिकवणार काय?

सरतीप : काय शिकवलं, असं विचारतात.

खरामान : ते विचारू नकोस! सगळा विचका झाला. माझी चनूर असती तर डोकं धरून बसली असती. पहिला उठला तो क्लाशचे जोडे विणणारा फतहुल्ला. त्याने पोरांना चिंध्या कुटून जोड्याचा तळ कसा करतात ते दाखवलं. दोन पोरांनी बोटं कुटून घेतली. मग हमीदाने विंचू चावल्यावर काय करायचं ते सांगितलं, आणि ते ऐकून लहानगी रडायला लागली. मेंढपाळ साबीरला तर बोलायलाच सुचेना. बिचारा उभा राहिला, घाम पुसला, आणि पोरांना शिट्टी शिकवली.

सरतीप : जोडे कसे करायचे, साहेब. विंचवाचा उतार. आणि एकाने शिट्टी शिकवली.

साहेब : शिट्टी? फारसीत की कुर्दीत?

सरतीप : मावशी, साहेब विचारतात, शिट्टी फारसीत की कुर्दीत?

खरामान : बकऱ्यांना विचार म्हणावं. शिट्टीला त्या वळतात, त्याच सांगतील.

सरतीप : म्हणतात... बकऱ्यांना विचारा.

साहेब : हे मात्र जसंच्या तसं सांगितलंस. बरं वाटलं.

खरामान : आता मला त्याला एक विचारायचंय. त्याची आई त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायची?

सरतीप : मावशी, असं नसतं विचारायचं इथे. इथे तेच विचारतात.

खरामान : का? मला कुतूहल नाही का? माझ्या पोरीला पोरांशी आईच्या भाषेत बोलल्याबद्दल धरलंय, तर धरणाऱ्याची आई काय बोलत होती, तेवढं कळू दे.

साहेब : काय म्हणतेय?

सरतीप : आपल्या मातोश्रींची चौकशी करतायत. त्या घरी कुठली भाषा बोलायच्या म्हणून.

साहेब : आई? ती आमच्या गावची बोली बोलायची. शहरातल्या लोकांना अर्धी कळायची नाही. बाजारात गेली की मला लाज वाटायची, मी दोन पावलं मागे चालायचो. हे नको सांगूस तिला.

सरतीप : मावशी, गावची बोली बोलायची म्हणतात.

खरामान : मग तिला नाही धरलं कोणी? नशीबवान बाई.

साहेब : हे मला सांगायचं काम नाही, तिच्या डोळ्यांवरून कळलं. पुरे. वर्ग घरटी एका माणसाने घेतला, हे मी मान्य करतो. पण अख्खं गाव मी तेहरानला लिहून पाठवू शकत नाही. मला वेड लागलंय म्हणतील. मला एक नाव लागतं. आणि हो... सरतीप, तूही त्याच गावचा ना?

सरतीप : हो, साहेब.

साहेब : तुझ्या घरातून कोण गेलं?

सरतीप : मी इथे कामावर असतो, साहेब.

साहेब : शुक्रवारी सुट्टी असते. पांढरा पडू नकोस, मी सहज विचारतोय. तिलाच विचार. आणि ह्या वेळी भाषा पसरट आहे वगैरे नको.

सरतीप : मावशी... आमच्या घरातून शुक्रवारी कोण आलं होतं?

खरामान : हे त्याने विचारलं, का तू विचारतोयस?

सरतीप : दोघांनीही.

खरामान : तुला ठाऊक नाही होय? तू कडी लावलीस दाराला. बायको तुझी, नशमील, चपला घालून उभी होती, आणि तू आतून कडी लावलीस. गल्लीला ऐकू आली. तुझी लेक खिडकीच्या गजाला नाक लावून आमच्याकडे बघत होती. तिला शिट्टी ऐकू गेली असणार.

सरतीप : मला नोकरी आहे, मावशी. लेकरू आहे.

खरामान : तुला कोणी बोललं का? एक अवाक्षर नाही. तुला गावची रीत माहीत आहे. जे घर येत नाही, त्याच्या वाट्याची पिकाची एक ओळ बांधाला उभी ठेवायची आणि घरी जायचं. त्याला वाटेल तेव्हा त्याने येऊन कापावी. फतहुल्लाने उठताना तेच म्हटलं, सरतीपच्या घरचं राहू दे, तो बघेल. आता ह्याला सांग, तुझ्या घरातून कोणी आलं नव्हतं. खरं आहे, सांग बिनधास्त. तुझ्यावर यायला नको काही. माझ्या एकटीचं व्हायचं ते होईल.

साहेब : केवढं बोलली! काय म्हणाली?

सरतीप : सांगतो, साहेब.

साहेब : मग सांग ना.

सरतीप : म्हणाल्या, सरतीपच्या घरातून माणूस आला होता.

साहेब : कोण? बायको?

सरतीप : नाही. मी. वर्ग मी घेतला. ह्यांना सकाळपासून माझं नाव घ्यायचं नव्हतं, मी समोर बसलोय म्हणून. जोडे, शिट्टी, ते सगळं पोरं रमवायला. शिकवलं मी. लिहून घ्या.

साहेब : तू.

सरतीप : मी लिहायला-वाचायला शिकलेला आहे. तेहरानला पटेल.

साहेब : सकाळपासून तू मला कमी सांगत होतास, सरतीप. आता जास्त सांगतोयस.

सरतीप : तुम्हाला एक नाव हवं होतं, साहेब.

साहेब : हवं होतं. पण आमचा पगार खाणाऱ्या माणसाला ही अवदसा का आठवली, एवढं मला सांग. फाइलसाठी नाही. असंच.

सरतीप : दुभाष्याला दोन भाषा लागतात. एक संपली की मी काय कामाचा?

साहेब : चेष्टा सोड. नोकरी गेली, हे कळतंय ना? पाच-सात वर्षं, हेही तूच मघाशी भाषांतर करून सांगितलंस.

सरतीप : माहीत आहे. तुम्हीही शब्द दिलात, तोही मीच सांगितला. साक्षीदार मीच.

साहेब : गाढव आहेस. माझे आजोबा कोणालाही पाटात उतरवण्याआधी कंबरेला दोर बांधून बघत असत, वर ओढायला कोणी आहे का म्हणून. आहे कोणी?

सरतीप : गाव आहे, साहेब.

साहेब : हॅलो, खाली कोण आहे? ती शिक्षिका, चनूर. तिचे कागद वर पाठव आणि तिला दारापाशी आण. हो, सोडायचं. नाही, कोठडी पुसून वगैरे ठेवू नकोस, रिकामी राहणार नाही... सरतीप, वडिलांचं नाव?

सरतीप : रहमान.

साहेब : आणि उद्यापासून माझ्यासाठी दुभाषा कुठून आणू? तेही तूच सांग.

सरतीप : गावात पोरं तयार होतायत, साहेब. थोडा वेळ लागेल.

खरामान : सरतीप, काय चाललंय? ह्याने फोनवर चनूरचं नाव घेतलं. माझ्या कानांनी ऐकलं. आणि आता खाली मान घालून लिहीतच सुटलाय. काय सांगितलंस रे तू त्याला?

सरतीप : चनूरला सोडतायत, मावशी. दारापाशी आणतील, तुम्ही उठा.

खरामान : खरंच? माझी शपथ घे! पण नाव? नाव तर मी दिलंच नाही. सरतीप, इकडे बघ. काय बोललास तू?

सरतीप : काही नाही हो. जाताना तेवढं आमच्या घरावरून जा. नशमीलला म्हणावं, आपल्याकडून माणूस गेला.