अंगण वाकडंच होतं

मघाशी तुम्ही मोटरसायकल घेऊन गल्लीत वळले ना भाऊ, तेव्हा मी वर गॅलरीतून बघत होते, तुम्ही पाय टेकवला. एकदा नाय, दोनदा. राहू द्या, त्याच्यावर मंग येते, आधी तुम्ही विचारलं तसं मी गाडी कशी शिकले ते सुरवातीपासून सांगते. मी मंगल, बजाजनगरात येऊन अठरा वर्षं झाली, पर माहेर पैठणकडचं, चितेगावच्या पुढं आत एक खेडं हाय तिथलं, आन महा बाप सुतार. बाप बोलायचा कमी. फळीवर रंधा मारला की तिच्यावर लोखंडी पट्टी उभी ठेवायचा आन फळी उजेडाकडं धरायचा, पट्टीखालून उजेड दिसला म्हंजे फळीत खळगा, परत रंधा. मी सात-आठ वर्षांची असंल, मला म्हणायचा मंगे तू बघ, तुही नजर नवी हाय. आन मी म्हणलं दिसतो, तर दिसतो, गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असलं तरी परत रंधा. गिऱ्हाईक म्हणायचं चालतं हो मिस्त्री, कोण बघतंय, तर बाप म्हणायचा ही पोरगी बघती ना. काय सांगू तुम्हाला, लई बरं वाटायचं मला. आमच्या गावात पोरीच्या बोलण्यावर फळी परत रंधायला घेणारा दुसरा कोणी नव्हता.

लग्न झालं, हे वाळूजला कंपनीत, म्हणून बजाजनगर. पोरगी शाळेत जायला लागली तशी मी पण काम धरलं, चितेगावच्या एका कंपनीत, चेकिंगला. गोल पार्ट असतात, तयार होऊन येतात, आपण हातात घ्यायचा, त्याच्यावर गेज लावायचं, गेज म्हंजे पत्र्याचा तुकडा, पार्टाचा जसा गोलवा पाहिजे तसाच त्याच्यात कापलेला, आन उजेडाकडं धरायचं. उजेड दिसला की लाल पेटीत, रिजेक्ट. पहिल्याच दिवशी मी म्हणलं हे तर मह्या बापाचं काम हाय. अकरा वर्षं झाली, मह्या हातून सुटलेला पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आला असं कोणी दाखवून द्यावं. आता तर पार्टाच्या पोटावरून नुसता अंगठा फिरवला तरी कळतं मला, चपटा हाय का गोल. हे मी फुशारकी म्हणून नाय सांगत, पुढं लागणार हाय म्हणून सांगते.

मंग झालं काय, पहिल्या पाळीची कंपनीची गाडी बंद झाली. साहेबांनी बोलवलं, म्हणले मंगलताई, पहिल्या पाळीची सगळी चेकिंग तुमच्याकडं द्यायचा विचार हाय, पोरी तुमच्या हाताखाली, पर सकाळी सहाच्या ठोक्याला आपल्या गाडीनं पोचावं लागंल, दिवाळीपर्यंत बघतो, नाय जमलं तर दुसऱ्याला देतो. आता आमच्या घरात एकच मोटरसायकल, ह्यांची. ह्यांची पाळी दुपारची, म्हंजे सकाळी गाडी दारात उभीच. मी म्हणलं मी शिकते. हे हसले, म्हणले शीक. त्यांना वाटलं आठ दिवसांत हौस फिटंल.

सरळ रस्त्यावर मला काहीच अडचण नाय आली भाऊ. पंधरा दिवसांत मी लिंक रोडनं पैठण रोडला लागून पार चितेगावच्या अलीकडपर्यंत जाऊन यायची, हे मागं बसलेले, शिकायचं लायसन खिशात. पर हळू वळायचं म्हणलं की झालं. गल्लीच्या तोंडाशी, गाड्याभोवती, दुकानासमोर, जिथं कुठं पायी चालल्यासारखं सावकाश वळायचं तिथं गाडी आधी वाकायलाच तयार नसायची, अडून बसायची म्हशीसारखी, मंग जोर लावून वाकवली की मधेच एकदम कडेवर कलंडायची, आन मी खाली. तीनदा पडले. गुडघा फुटला, आरसा फुटला. किराणा दुकानासमोर पडले तेव्हा दुकानातली चार माणसं उचलायला आली आन सहाजणं हसायला.

लायसनच्या परीक्षेला आठचा आकडा असतो बघा, दोन गोल एकाला एक चिकटलेले, त्याच्यातून गाडी हळू काढायची, पाय टेकला की नापास. मी पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा नापास. परीक्षा घेणारे साहेब वाईट नव्हते, म्हणले बाई नजर चाकाकडं नका ठेवू, जिकडं जायचं तिकडं ठेवा. ते खरं होतं, ते मी नंतर शिकले. पर रांगेतला एक बाप्या, कोण कुठला, मला म्हणतो ताई, स्कूटी आणा, मोटरसायकल बाईमाणसाच्या वजनाची नाय. त्याचा स्वतःचा नंबर यायचा होता अजून.

घरी येऊन मी ह्यांना म्हणलं गाडीत काहीतरी हाय, ती सारखी वळत नाय, आधी अडती आन मंग पडती. तर हे काय म्हणले माहितीये, नाचता येईना आन अंगण वाकडं. शेजारणीसमोर म्हणले. मंग काय, गल्लीत ते वाक्य झालं. मी गाडी काढली की कोणी तरी म्हणणार, काय मंगलताई, अंगण कसंय आज. मही पोरगी पण हसली एकदा, तिला मी काय म्हणू. मला राग आला भाऊ, अजून येतो. मला येत नाय असं कोणी म्हणलं तर मी ऐकून घेते, न येणाऱ्या गोष्टी मला लई हायेत. पर मी चपटं बघून चपटं म्हणलं आन कोणी मला म्हणलं तुला नाचता येईना, तर ते मी ऐकून घेणार नाय.

एका रविवारी मी गाडी धूत होते. मागचं चाक धुताना हात टायरवरून गेला आन मधोमध थांबला. अंगठा फिरवला. परत फिरवला. गोलवाच नव्हता तिथं, पाटा होता. मी ह्यांना हाक मारली, म्हणलं टायर चपटा झालाय. हे म्हणले वेडी का खुळी, अजून नवा हाय, हे बघ, कडेचे रबराचे केस पण गेले नाहीत. आन खरंच, कडेला केस होते, नक्षी खोल होती. पर भाऊ, आमच्याकडं सगळे टायर कडेलाच बघतात, उभ्या माणसाला कडच दिसती ना. आन गाडी चालती कशावर, तर मधल्या दोन बोटांवर. घर ते कंपनी, कंपनी ते घर, सगळा सरळ रस्ता, वरून हवा कडक भरायची, कडक हवेनं ॲव्हरेज भेटतं म्हणून. मंग मधलंच घासणार, दुसरं काय व्हईल. सरळ चालवणाराला कळत नाय, सरळ तर पाट्यावर गाडी उलट चांगली उभी राहती. हळू वळायला गेलं की कळतं, आधी पाट्यावरून उचलत नाय आन उचलली की पाट्याच्या धारेवरून घसरून पडल्यासारखी पडती.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून सुटल्यावर चितेगावच्या नाक्यावर रफिकभाईच्या टायरच्या दुकानात गेले. त्यांना म्हणलं ह्याच मापाचा नवा टायर चढवलेलं चाक हाय का, मला फक्त माप घ्यायचंय. ते म्हणले लेना नाय तो नापना कायको. मी चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा काढला आन कात्री काढली आन तिथंच बसले, थोडं कापायचं, लावून बघायचं, थोडं कापायचं, अर्धा तास लागला. शेवटी पुठ्ठा नव्या टायरवर असा बसला की मधून कुठंच उजेड नाय. मंग रफिकभाईनं पुठ्ठा मह्या हातातून घेतला, दुकानासमोर उभ्या त्याच मापाच्या गाड्यांना लावत सुटले. सहा गाड्या, चारमध्ये उजेड. म्हणले बाई, पंचवीस साल से टायर बेच रहा, ये मेरेको नाय सूझा. घरी येईपर्यंत मी बसमध्ये एकटीच हसत होते.

घरी मी ह्यांना पुठ्ठा लावून दाखवला. उजेड एवढा की काडीपेटीतली काडी आडवी जाईल. हे म्हणले पुठ्ठ्यानं काय सिद्ध होतं, मी पंधरा वर्षं चालवतो, मला कधी त्रास नाय. मी म्हणलं ठीक हाय. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर मी रांगोळीनं आठ काढला, परीक्षेला असतो तेवढा, पावलं मोजून. बायका जमल्या, कोणाला वाटलं हळदीकुंकू हाय. मी म्हणलं चालवा, हळू, आन पाय टेकवायचा नाय. भाऊ, पंधरा वर्षं चालवणारा माणूस, पहिल्या गोलात पाय टेकला. परत केलं, दुसऱ्या गोलात टेकला आन रांगोळी पुसली. त्यांनी वळणावर कायम पाय टेकवत गाडी चालवली होती, फक्त पुरुषाचा टेकलेला पाय कोणी मोजत नाय. मी शेजारणींकडं बघितलं आन म्हणलं, आता म्हणा अंगण कसंय.

हे दोन दिवस ताट घेऊन गॅलरीत जेवायला बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, नवऱ्याला चारचौघांत पाडायची हौस नव्हती मला. पर मला चारचौघांत पाडलं होतं त्याचं कोणाला वाईट वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी हे बूट घालून दारात उभे, गाडीची चावी हातात. म्हणलं कुठं, तर म्हणले चितेगावला, टायर बदलायला, तुही सुट्टी हाय ना. मी चप्पल घातली तर म्हणले, पुठ्ठा घेतला का. तेवढंच बोलले. महा राग अर्धा तिथंच गेला, अर्धा ठेवलाय.

आता खरी गंमत ऐका. नवा टायर टाकला आन मी परत पडता पडता वाचले. मला सवय लागली होती जोर लावून वाकवायची, आन ही गाडी नुसतं मनात आणलं की वाकायची. वर नवा टायर गुळगुळीत, रफिकभाई म्हणलेच होते दोन-तीन दिन आहिस्ता. म्हंजे अंगण सरळ झालं आन नाच तर सगळा वाकड्या अंगणाचाच शिकलेला. आठ दिवस रोज पहाटे रांगोळी काढून मी परत शिकले, हात सैल सोडायला, नजर पुढं ठेवायला. ते परीक्षेचे साहेब बोलले होते ते बरोबरच होतं, मही पण चूक होती, मी कबूल करते. पर महीच होती असं नव्हतं.

दिवाळीच्या आधी तिसरी परीक्षा दिली. आठ काढला, पाय टेकला नाय, परत वळून साहेबांसमोर आणून उभी केली. त्यांनी सही केली आन दुसऱ्याला बोलवलं, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी म्हणतील, पर कामाचा माणूस, रांग मोठी होती.

आता पहिली पाळी महीच हाय, अकरा पोरी हाताखाली. त्यातल्या चौघींना मी त्याच प्लॉटवर शिकवलं. पहिल्या दिवशी गाडीवर बसूच देत नाय, आधी टायरला पुठ्ठा लावते. उजेड नाय दिसला तर म्हणते पोरी, आता चूक तुही, शीक. दिसला तर म्हणते आधी घरी जाऊन टायर बदलून आण, आन कोणी काही म्हणलं तर मह्याकडं पाठव. गल्लीतले बाप्ये पण येतात हल्ली, जरा पुठ्ठा लावता का म्हणत, हळू आवाजात. ज्यांनी म्हणलं होतं अंगण कसंय, ते पण. लावते मी, नाय कशाला म्हणू, पडावं कोणी असं थोडंच वाटतं.

चला, चहा झाला ना, खाली चला. ही तुमची गाडी, हा लावला पुठ्ठा. वाका जरा इकडं, हां, उन्हाकडून बघा. दिसला का उजेड? मला वरूनच कळलं होतं. जाताना वळणावर खुशाल पाय टेकवा भाऊ, त्याच्यात लाज नाय, सुखरूप घरी जा, लेकराबाळांत जा. पर उद्या टायर बदला. आन कोणी विचारलं कडेला तर नवाच दिसत होता, कामून बदलला, तर सांगा, बजाजनगरात एक सुताराची पोरगी हाय, तिनं रिजेक्ट केला.