घोड्यावरचा देव

—नाही नाही, चष्मा बदलून काही होणार नाही साहेब, तुमच्या या देवाच्या चांदीच्या टाकावरच काही उरलेलं नाही. बघा की, हा घोडा — घोडाच ना? — आणि वर बसलेत ते कोण? नाक नाही, डोळे नाहीत, हातात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. चार पिढ्या देवघरात रोज चिंच लावून घासलंत, भक्ती एवढी की देवाचं तोंडच पुसून टाकलंत! नवा करून देतो, चांदी चांगली आहे, पण करू कुणाचा? खंडोबा की जोतिबा? ‘कुळाचा जो असेल तो’ — वा! म्हणजे रोज हात जोडले आणि नाव विचारायचं राहून गेलं. आईंना विचारलंत? त्यांनाही माहीत नाही. उत्तम. वास्तुशांत गुरुवारी आणि देवाचा पत्ता नाही.

हसू नका हो, मीही त्यातलाच. याच बुधवार पेठेत, याच दुकानात माझ्या वडिलांनी असाच एक झिजलेला टाक घेतला आणि अंदाजानं खंडोबा करून दिला. वर्षभरानं कळलं, तो जोतिबा होता! गुलालाचा देव, त्याला भंडारा! — सांगितलं का म्हणता? छे, गिऱ्हाईक राहील का? ते घर चाळीस वर्षं जेजुरीला जातंय. आणि गंमत ऐका, नवसाला मुलगा झाला त्यांना, पेढे इथे आणून दिले. आता सांगा, नवस ऐकला कुणी? चुकीच्या देवानं, की बरोबरच्या देवानं राग न धरता, की — तिसरं तुम्ही बोला, मला धंदा करायचाय.

हेच मी आमच्या सुनीतीला सांगितलं होतं, आठ वर्षांची होती, जेवताना, पोरगी हसेल म्हणून. हसली नाही. म्हणाली, ‘बाबा, मग ऐकणारं कुणी नसेलच.’ तिथं चुकलं माझं. पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं तिनं आणि घरात रोज तेच — तुम्ही ठशावर पत्रा ठोकता, तर कितव्या ठोक्याला त्याचा देव होतो? आता तीस वर्षं ठोकतोय मी, पण मोजलंय कुणी! उत्तर येत नाही म्हणून ओरडायचो. येत असतं तर कशाला ओरडलो असतो? मग लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, संपत, शाळेत शिकवतो. पण ही म्हणाली देवक नको, भटजी नको, सही करून लग्न. आणि माझ्या तोंडून गेलं, ‘देव नाही ना? मग तुला बापही नाही.’ — हो, म्हणालो. तेव्हापासून मावशीकडे आहे ती, दोन महिने झाले.

काल चिठ्ठी आली. दाखवत नाही, पाठ झालीय. ‘देव आहे की नाही, मला सिद्ध करता येत नाही. बाप आहे की नाही, ते उद्या बारा वाजता कळेल.’ बघा, ही काय बोलायची रीत झाली? बायको सकाळीच गेली तिकडे, लग्नाच्या नोंदणी कचेरीत, डबासुद्धा ठेवला नाही, आणि मी इथे तुमच्या घोड्याचे पाय मोजत बसलोय. तीनदा चपला घातल्या हो, तीनदा काढल्या. तिथे जाऊन बोलायचं काय? हरलो म्हणायचं? अक्षता तरी टाकू देतील का कुणास ठाऊक. एवढीशी होती तेव्हा माझ्या शेजारी बसून —

किती वाजले म्हणालात? पावणेबारा? आणि हे आत्ता सांगताय! उठा, उठा आधी. टाक राहू द्या इथेच. खंडोबा की जोतिबा ते घरी ठरवा, मला विचारू नका. सरका हो, दार लावायचंय मला.