नावेतली बाई

— अगा बस ना श्रावण, उभा काहून? त्या खुर्च्या नोको, त्या गिऱ्हाइकायच्या आहेत, तो स्टूल ओढ. हां. आन् आल्यापासून भिंतीकडं काय पाहून राहिला? इकडं पाह्य, माह्याकडं. तर तुहं म्हणणं असं का उद्या सर्व्हेचा साहेब आला का मी त्याच्यापुढं उभं राहाव आन् म्हणाव — साहेब, तलावाच्या काठची ही कोष्ट्यायची वस्ती मे महिन्यातही होती, विमानानं फोटो काढले तवाही होती, मी माह्या डोळ्यानं पाह्यली. एवढंच ना? एक शब्द. तेवढ्यावर साऱ्यायले दुसरीकडं प्लॉट भेटन, नाई तं झोपड्या पाडून रस्त्यावर. ऐकाले किती सोपं! पण साहेब काय म्हणते ठाऊक आहे? साहेब म्हणते, भैय्याजी, फोटोत घर नाई म्हणजे ते फोटोच्या नंतर बसलं. नंतर बसलं म्हणजे घुसखोर, आन् घुसखोराले प्लॉट नाई. आता विमान खोटं बोलते काय गा? त्याची काय तुमच्याशी दुश्मनी आहे?

फोटोत घरं काहून नाई? मी रंगवले का छप्परं? तू रंगवले. आन् खरं सांगू का, तुह्यासारखा पेंटर ह्या नागपुरात नाई — रिक्षाच्या मागं मोर काढणारा माणूस, त्यानं अख्खी वस्ती गायब केली! टिनावर निळा, कवेलूवर निळा, गल्लीवर बारदाने ताणून त्याच्यावर निळा, आन् वरून त्या पांढऱ्या लाटा. लाटा तं अशा का माह्या गच्चीवरून पाह्यलं तं मलेच समजेना, तलाव कुठी संपते आन् तुमचं कुठी सुरू होते. रुख्माबाईच्या छपरावर एक बगळा येऊन बसला होता, मासा शोधून राहिला होता बिचारा — पोट धरून हासलो मी! आन् ती भीमाबाई? म्हणे, मी चोर आहे का, माहं घर काहून लपवू? मंग ती बाजारात गेली तवा तू तिचंही छप्पर रंगवून टाकलं. मी सांगितलं म्हणून? मी फक्त एवढंच म्हणलो का एक घर उघडं राह्यलं तं सारा तलाव खोटा पडते. आता ती नळावर रोज तुह्या नावानं बोटं मोडते म्हणे. मोडन नाई तं काय! लोकायले शिव्या द्याले कोणीतरी पाह्यजे. मी त्यायले सांगून टाकलं — ती श्रावणची अक्कल होती बाप्पा, मले काय विचारता?

हाव, रंग मी देल्ला. फुकट देल्ला, डब्याच्या डबे. कोणी कोणाले फुकट रंग देते का गा? तवाच तुह्या मनात यायले पाह्यजे होतं. ते जाऊ दे. मी म्हणलो होतो का विमानाले जे घर दिसन ते पाडणार, हे खरं आहे — तवा मले तसंच वाटलं होतं. बाजारात तशीच हवा होती. साहेबानं मले कानात सांगितलं होतं म्हणा का जे दिसन त्यालेच प्लॉट भेटन, पण साहेब लोकायचं काय, सकाळी एक बोलते, संध्याकाळी — काय? कधी सांगितलं? होळीच्या वक्ताले. आन् रंग मी कधी देल्ला? ... होळीच्या नंतर. बरं मंग? तू काय वकील आहे का गा, माही उलटतपासणी घेऊन राहिला! बस, बस खाली. उठू नोको. तो आवाज? कोळशाचे ट्रक असन, उमरेडवरून कोराडीले जाते रोज. तू बस, चहा सांगितला आहे मी.

वच्छलेचं काहून काढून राहिला आता? चांगली होती तुही बायको, मले का वाईट नाई वाटत? पण ऊन लागून मेली, त्याले मी काय करू? आपलं मे महिन्याचं ऊन, टिनावर भाकर भाजन, आन् ही त्याच्यावर दुपारभर बसली. रंग तुह्याच घरावर कमी पडला ना. साऱ्यायच्या छपरावर लाटा काढल्या आन् स्वतःच्या छपरावर हौसेनं नाव काढली, आन् नावेचं पोट राह्यलं कोरं! ते टिन असं चमकून राहिलं होतं का विमानात बसलेल्या आंधळ्यालेही दिसलं असतं. आन् विमान तं आलंच घरघर करत. कोणीतरी झाकाले पाह्यजे होतं का नाई? मी गच्चीवरून वरडलो — वच्छले, तुहं लुगडं निळंच आहे वं, चढ वर, पदर पसरून बस त्याच्यावर, हलू नोको! बसली. शहाणी बाई, एका शब्दात चढली. विमान चकरा मारत राह्यलं, मी जेवाले खाली गेलो. मंग जराशी झोप लागली. आता उतर म्हणून मीच सांगाव का? तू कुठी होता? ... हाव, बारदाने धरून गल्लीत. तुले वरचं काय दिसते.

असा काय पाहून राहिला? तुले ठाऊक नव्हतं का तिले वर कोणी चढवलं? तुले वाटलं, तिची तीच चढली? ... हाव मंग, तिची तीच चढली. मी का तिचा हात धरून नेलं? मी तं नुसता वरडलो.

आन् वाया नाई गेलं गा तिचं बसणं, ते सांगतो तुले. फोटो आले तवा साहेबानं मले बोलावलं. फोटो काळापांढरा — तुहा निळा कुठीच नाई, निरा राखेवानी! साहेबानं भिंग लावलं, म्हणे, भैय्याजी, हे पाणी काही बरोबर नाई वाटत. आन् एकदम म्हणे — अरे, नाव आहे! नावेत बाई बसली आहे! तलावच आहे म्हणे हा. संपलं. तुह्या लाटायनं नाई पास केलं श्रावण, तिनं पास केलं. तेवढीशी दिसते, पण तोंड वर करून आहे, विमानाकडं. हलू नोको म्हणलो होतो, पण पाह्यलंच तिनं. आता कागदावरचं हे पाणी आटलं का जमीन उघडी पडन, आन् ती माह्या शेताले लागून आहे, म्हणजे माहीच झाली का नाई? मी उद्या कोणत्या तोंडानं सांगू साहेबाले का ती बाई नावेत नाई, टिनावर होती? माहा लेआउट तिच्यावर उभा आहे गा!

... हाव. तोच. भिंतीवरचा तोच. मोठा करून मढवला मी. तलावाच्या काठी प्लॉट म्हणलं का गिऱ्हाईक पहिले तलाव पाहते. म्हणून मघापासून तिकडं नजर होय! ओळखली तू? एवढ्या दुरून? तिचा दुसरा फोटो नाई ना तुह्यापाशी — असन कुठून, तुम्ही लोक कुठी फोटो काढता. देऊ? कसा देऊ बाप्पा, हापिसाची शोभा आहे ते.

तसं करू नोको श्रावण, मोठ्या माणसानं रडणं बरं नाई दिसत. मी तुले रिकाम्या हातानं धाडत नाई. काम देतो. रोडवर बोर्ड लावाचा आहे, चांगला मोठा. तलाव काढ, तशाच लाटा काढ, नाव काढ. आन् नावेत बाई काढ — निळ्या लुगड्यातली, तोंड वर करून. गिऱ्हाइकाले बरं वाटते. तुह्याइतकी दुसऱ्या कोणाले जमन ती? रंग माहाच. फुकट.

फोटोकडं कुठी चालला गा? काचेवरून हात काढ. डाग पडते.

उद्या? उद्या तं साहेब येते. पाडणाऱ्यायचे ट्रक आजच गेले, मघा तू बसला होता तवा, इथूनच. जाय आता, काही भांडेकुंडे असन तं काढून घे. आन् दार लोटून जाजो, धूळ अजून खाली बसली नाई.