बापूकाकाच्या इंजिनाचा अस्सल रंग

रंगाचं नाव काढलं म्हणून सांगतो. आमच्या देवळीच्या बापूकाकाजवळ त्याच्या वडलाची विलायती मोटार होती. नागपुरात जुन्या गाड्यांची स्पर्धा निघाली, तं काका पेटलाच. "इंजिनाले अस्सल रंग पाहिजे. रंग चुकला का नंबर गेला!"

पण वडील वारलेले, अस्सल रंग सांगन कोण? शेवटी काकानं इंजिनावरची काळी मळी खरवडली, तं खाली निघाला झकास केशरी. तो पापुद्रा पुडीत बांधून काका वर्ध्याच्या पेंटरकडं गेला, हुबेहूब रंग जमवून आणला, अन् अख्खं इंजिन रंगवलं.

निघायच्या सकाळी वडलाचा म्हातारा ड्रायव्हर आला. बोनेट उघडून पाह्यतच राह्यला.

"बापू, इंजिन हिरवं होतं ना गा!"

"मंग खाली केशरी कुठून आला?"

"अरे, दर दसऱ्याले मीच तेलात कालवून शेंदूर लावत होतो!"

काका रडकुंडीले आला. म्हणे, "आत्ताच्या आत्ता खरवडतो."

तं काकू आडवी आली. "खबरदार! शेंदरी रंग चढला म्हणजे देव झाला. देवाले कोणी खरवडते का?"

मंग तशीच नेली गाडी. परीक्षकानं बोनेट उघडलं अन् वाकून इंजिन पाह्यलं. नंबर गेला, ते जाऊ द्या. पण त्यानं बूट काढून हात जोडले, हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं.