कारंज्याजवळची सभा

आणि खिडकी उघडतच नाही, तुम्हाला सांगतो. हॉटेलचा एकविसावा मजला, भिंतभर काच, खाली एवढी थोरली बाग, झाडं हलतायत म्हणजे वारा असणार, आणि मी आपला ती काच इकडून ढकल, तिकडून ढकल, कडी शोध... कडीच नाही. खाली फोन केला तर काउंटरवरची बाई मधाळ आवाजात, 'सर, आमच्याकडे कुठलीच खिडकी उघडत नाही.' अभिमानाने सांगते. म्हटलं, बाई, वारा? तर म्हणे, 'तापमान किती हवं ते सांगा ना सर.' आता वारा मागितला तर तापमान विचारतात का कुणी? तक्रार नाही माझी, आपलं सांगतो.

जुगाराचं शहर हो, दुसरं काही नाहीच तिथे. मी रिटायर झालो म्हणून मुलीने आणि जावयाने पाठवलं, चार दिवस, सगळा खर्च त्यांचा. जावई म्हणाला, 'बाबा, आता जरा मजा करा.' मी पंपहाऊसचा माणूस. एकतीस वर्षं शहराला पाणी चढवलं, तेही कायम रात्रपाळीला, कारण रात्री डोक्यावर साहेब नसतो. आणि ही शाळेच्या ऑफिसात, दिवसा. म्हणजे मी सकाळी घरात शिरतोय तेव्हा ही पायात चपला घालतेय. किल्ली या हातातून त्या हातात. 'भाजी झाकून ठेवलीय.' 'बरं.' 'गॅसवाला येईल.' 'बरं.' झाला संसार. एकतीस वर्षं, उंबऱ्यावर, उभ्याने. रविवारी म्हणाल तर रविवारी मी झोपलेला. म्हणून मी मनाशी ठरवून गेलो होतो, या चार दिवसांत बायकोशी बोलायचं. नीट, समोरासमोर बसून. जुगाराच्या मशिनी गेल्या खड्ड्यात, मला तेवढंच पाहिजे होतं.

आणि ही काय करते? सामान टाकलं, तोंडावर पाणी मारलं, खाली गेली आणि एका मशीनसमोर जी बसली ती बसलीच. तो हॉल म्हणजे... छताला निळं आकाश रंगवलंय, ढगांसकट, त्यामुळे दिवस मावळतच नाही. भिंतीवर घड्याळ नाही. हजार माणसं, आणि एक माणूस दुसऱ्याकडे बघत नाही, सगळे आपापल्या मशीनकडे तोंड करून. मी हिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बघितलंच नाही हो तिने. एवढा धडधाकट नवरा बाजूला उभा आहे आणि हिचं लक्ष मशीनच्या पडद्यावर गरगर फिरणाऱ्या चेरीच्या चित्रांवर. मग मी शेजारच्या खुर्चीवर टेकलो, तर लगेच एक काळा कोटवाला आला, 'सर, आपण खेळणार आहात का?' म्हटलं, नाही, ही माझी बायको आहे. 'हो सर, पण खुर्ची खेळणाऱ्यांसाठी आहे.' म्हणजे बायकोशेजारी बसायचं तर त्यांचं मशीन खेळायचं. खेळलो. सहा मिनिटांत खिसा रिकामा, उठलो. तक्रार नाही माझी, आपलं सांगतो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या रांगेत धीर करून विचारलं, अगं, काय आहे एवढं त्या मशीनमध्ये? तर अगदी शांतपणे म्हणाली, 'बटण दाबलं की काहीतरी वाजतं तरी.' मी आपला पाव घेतला आणि पुढे सरकलो. दिवसभर एकटा हिंडलो. दुकानांच्या गल्लीत सगळं खोटं, झाडं प्लॅस्टिकची, पक्ष्यांचा आवाज स्पीकरमधून. लोक जोडीजोडीने फोटो काढत होते. एका जोडप्याने माझ्या हातात मोबाइल दिला, 'काका, जरा आमचा काढता का?' काढला. दिवसभरात सात जोडप्यांचे काढले. माझा कुणी काढला नाही, कारण मी एकटा, आणि एकट्या माणसाला सगळे फोटोग्राफरच समजतात.

तिसऱ्या दिवशी मात्र दुपारी ही खोलीत आली आणि म्हणाली, 'संध्याकाळी सातला कारंज्यापाशी या. टेबल सांगून ठेवलंय, दोघांचं.' मी काय सांगू तुम्हाला, साठी उलटलेला माणूस, पण आरशापुढे जाऊन उभा राहिलो. दाढी केली. पुन्हा एकदा केली. इस्त्रीचा शर्ट घातला आणि सहालाच जाऊन उभा राहिलो. हॉलच्या मधोमध दोन मजली कारंजं, दिव्यांचं, गाण्यावर नाचणारं, लोक आ वासून वर बघतायत. आणि मला ऐकू काय आलं? खालून एक बारीक किंकाळी. सारखी. ती कुणालाच ऐकू येत नव्हती, मला येत होती. पंपाच्या ग्लँडची दोरी जळत होती.

आता ग्लँड म्हणजे, पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे दोरी भरून आवळतात, ती जागा. तिथून थेंब थेंब पाणी गळलंच पाहिजे. त्या थेंबावर तर दोरी गार राहते. पण साहेबलोकांना गळती दिसली की यांचा जीव जातो, 'आवळा रे.' आवळलं की दोरी कोरडी पडते आणि जळते. मला राहवेना. म्हटलं, आहे तासभर हातात, पंधरा मिनिटांत सांगून येतो. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेल्या दारातून घुसलो, जिना उतरलो, तर खाली एक पंपवाला, माझ्याच वयाचा, हातात पान्हा, कपाळाला हात. म्हटलं, दादा, आवळलंत ना? तर तो म्हणतो, 'मॅनेजर ओरडतो हो, फरशी ओली दिसते.' त्या माणसाला एवढा उमाळा आला की काय सांगू. तीन वर्षांत खाली कुणी आलंच नव्हतं त्याच्याकडे. मग पंप बंद केला, जुनी दोरी काढली, नवी कापली, भरली, मी घड्याळ काढून खिशात घातलेलं, कामाला बसलो की आधी घड्याळ काढायचं ही सवय... पंप चालू केला, थेंब पडायला लागला, आवाज गोड. वर टाळ्या वाजल्या. मी चहा घेतला त्याच्याबरोबर. त्या आख्ख्या शहरात पहिल्यांदा कुणाशी तरी पोटभर बोललो. खिशातून घड्याळ काढलं, तर पावणेनऊ.

धावत वर आलो. ही बसलेली. कारंज्याजवळ, एकटी, नवीन साडी, समोर दोन ताटल्या, दोन्ही झाकलेल्या. मी काहीतरी बोलणार तर म्हणाली, 'बसा. पाणी बंद झालं तेव्हाच कळलं मला, खाली गेलात ते.' म्हटलं, कसं गं कळलं? तर म्हणाली, 'घरी नाही का, रात्री दहाला मोरीच्या नळात हवा खरखरायची. मी म्हणायची, हे पोचले पंपावर. मग दिवा घालवायची.' रोज. एकतीस वर्षं. मला कधी बोलली नव्हती. हातांना ग्रीस होतं माझ्या, ते टेबलाखाली घेतले. लाज वाटली हो.

मग तिने पर्समधून कागद काढला. हॉटेलच्या पॅडवरचा. बघतो तर विषयपत्रिका! शाळेच्या समितीच्या सभेची करायची ना ऑफिसात, अगदी तश्शी, आकडे टाकून. म्हणाली, 'आपण दोघं समोरासमोर बसल्यावर सुचायचं नाही, म्हणून तीन दिवस आठवून आठवून विषय लिहिले.' पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागची सभाच नव्हती, तो विषय तहकूब. दुसरा, मुलीचं नवीन घर. तिसरा, गच्चीवरची टाकी. चौथा, माझा गुडघा. पाचवा, तिचा डावा डोळा. म्हटलं, डोळ्याला काय झालं? म्हणाली, 'त्या बाजूचं दिसत नाही आता. वर्ष होऊन गेलं. थेंब घालते मी रोज.' आणि मी त्याच बाजूला दहा मिनिटं उभा होतो आणि मनात तिला नाही नाही ते बोललो होतो. मला वर्षभर कळलं कसं नाही? उंबऱ्यावर उभ्याने डोळा कुठे दिसतो हो.

सहावा विषय, शेजारणीची भिंत. सातवा, ऐनवेळचे विषय. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. ऐनवेळी कुणालाच काही सुचेना. सगळी सभा मिळून अकरा मिनिटं झाली, आता घड्याळ हातात होतं ना माझ्या. मग आम्ही पाण्याकडे बघत बसलो. पंप छान चालला होता. उठताना तिने तो पॅड माझ्यापुढे सरकवला, 'पुढच्या सभेचे विषय तुम्ही काढा.'

शेवटचा आख्खा दिवस मी त्या न उघडणाऱ्या खिडकीपाशी पॅड घेऊन बसलो, तुम्हाला सांगतो. ही खाली मशीनवर. संध्याकाळपर्यंत एकच विषय निघाला. 'तू कशी आहेस?' बस. पण तोच बरोबर आहे, असं माझं मन म्हणत होतं. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी आलो.

लोक विचारतात, कसं होतं शहर? ही म्हणते, 'फार छान, गारेगार.' मी म्हणतो, खिडकी उघडत नाही. दोन महिने झाले येऊन. आता दोघंही घरात, समोरासमोर, दिवसभर. तुमच्याशी कसं घडाघडा बोलतोय बघा, पण तिच्यासमोर बसलो की तोंडाला कुलूप. शर्ट धुवायला टाकताना रोज कागद काढतो, दुसऱ्या शर्टात घालतो. काल संध्याकाळी म्हटलं, आता बास. ती भाजी निवडत होती. उजव्या बाजूला जाऊन बसलो, मुद्दाम, आणि खिशातून कागद काढून उलगडला, घसा खाकरला. तिने मान वळवली, कागद बघितला आणि म्हणाली, 'सामानाची यादी ना? साबण लिहा त्यात.'

लिहिला.